लम्पी टाळायचा तर बाजारातली नवी गाय थेट दावणीला बांधू नका

अहिल्यानगर : सप्टेंबर 2022 मध्ये लम्पीमुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद करावे लागले. काष्टी, घोडेगाव, लोणी, वाळकीच्या बाजारावर ज्यांचा व्यवहार चालतो, त्यांना ते दिवस आठवत असतील. मेलेल्या गाईमागे सरकारने 30 हजार, बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपये मदत दिली. पण एवढ्या पैशात चांगली संकरित गाय येत नाही. म्हणून रोग गोठ्यात येऊच न देणं परवडतं.

रोग येतो कसा?
डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड हा विषाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. बाधित वळूच्या वीर्यातूनही तो पसरतो. अंगावरच्या गाठींच्या वाळलेल्या खपलीत तो महिनाभर तग धरतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या अंगातही तो असू शकतो. ताप आणि गाठी नंतर दिसतात. खरी गोम इथंच आहे.

काय करायचं?
- नवं जनावर 28 दिवस वेगळं बांधा. त्याची बादली, दोर, गव्हाण वेगळी ठेवा. धार आणि चारापाणी आधी घरच्या जनावरांचं, मग नव्याचं.
- लस वेळेवर टोचून घ्या. ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे साथ दारात आल्यावर धावपळ करून भागत नाही. प्रत्येक जनावराला नवी सुई वापरायला सांगा.
- शेण-मूत साचू देऊ नका. गोचीडनाशक डॉक्टरांच्या सल्ल्यानेच फवारा.
- गावातला वळू परस्पर लावू नका. खात्रीच्या रेतमात्रा वापरा. गाभण गाय गाभडली, तर अख्खं वेत वाया जातं.
- व्यापारी, शेजारी यांना गोठ्यात मोकळं फिरू देऊ नका.

गाठ दिसली तर?
जनावर लगेच बाजूला करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 वर कळवा. 2009 च्या कायद्यानुसार कळवणं मालकावर बंधनकारक आहे. आजारी जनावर गुपचूप विकलं, तर रोग दुसऱ्याच्या दावणीला जातो आणि फिरून आपल्याच गावात येतो. मेलेलं जनावर ओढ्यात टाकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही.