जन्मगाव : हसनाबाद

कंपनीनं खेळणं बंद केलं की तिच्या लेखी गोष्ट संपते. पण पावणेचार इंचांच्या एका प्लास्टिकच्या सैनिकाची गोष्ट अमेरिकेत संपल्यावरही आपल्याकडं चालू राहिली आणि भोकरदन तालुक्यातल्या चार पोरांनी तर ती स्वतःच पुढं लिहिली.

ड्वेन जॉन्सन, म्हणजे आपला 'रॉक', तुम्हाला माहीत असेलच. २०१३ मध्ये आलेल्या 'जी.आय. जो : रिटॅलिएशन'मध्ये तो रोडब्लॉक झाला होता. आडदांड, हातात भली मोठी मशीनगन. पण हा रोडब्लॉक मुळात आचारी व्हायला निघाला होता, हे माहितीय का? मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी गावचा हा गडी. फ्रान्सला जाऊन स्वयंपाक शिकायचा, म्हणून पैसे साठवत होता. 'लष्करात ये, तिथंच शिकवतो' असं कुणीतरी सांगितलं म्हणून भरती झाला. मग तिथलं जेवण बघून इतका हादरला, की थेट पायदळात बदली मागून घेतली!

ही माहिती मला सिनेमातून मिळालेली नाही. रोडब्लॉकचं खेळणं ज्या पुठ्ठ्यावर चिकटवून विकायचे, त्याच्या मागं ती छापलेली होती. आणि हे खेळणं माझ्या जन्माआधीच अमेरिकेत बंद पडलं होतं. मी बावीस वर्षांची आहे. तरीही मी या खेळण्याची पक्की फॅन आहे. का, ते सांगते.

'बाहुला' म्हणायचं नाही!

१९६४ साली हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीनं मुलांसाठी बारा इंची सैनिक बाजारात आणला. कपडे बदलता येणारा, हातपाय वाकणारा. खरं तर तो बाहुलाच. पण बाहुली म्हटलं तर मुलगे हात लावणार नाहीत, ही कंपनीला धास्ती. म्हणून शब्द शोधला, 'अ‍ॅक्शन फिगर'. आज आपण सगळ्याच हिरोंच्या खेळण्यांना जे म्हणतो, ते नाव या भीतीतून आलंय.

पुढं व्हिएतनामचं युद्ध चिघळलं. सैनिकाचं खेळणं मुलांच्या हातात द्यायला तिथल्या अनेक आईबापांना नकोसं वाटू लागलं. सत्तरच्या दशकात जी.आय. जो बंद झाला. हे त्याचं पहिलं मरण.

मग 'स्टार वॉर्स'ची छोटी खेळणी आली आणि तुफान चालली. ते बघून १९८२ मध्ये हॅस्ब्रोनं जी.आय. जोला परत आणलं, पण या वेळी पावणेचार इंचांचा. आणि तो एकटा नव्हता, अख्खी पलटण होती. समोर 'कोब्रा' नावाची शत्रूची फौज. सोबत मार्व्हलचं कॉमिक.

कॉमिक लिहायला बसला लॅरी हामा. जपानी वंशाचा अमेरिकन, स्वतः लष्करात राहून आलेला. इतकी पात्रं डोक्यात ठेवायची कशी? म्हणून त्यानं स्वतःसाठी एकेकाची नोंद करून ठेवली : खरं नाव, जन्मगाव, मुख्य काम, जोडकाम आणि खाली चार ओळी स्वभावाच्या. हॅस्ब्रोच्या लोकांना ती टिपणं इतकी आवडली, की त्यांनी ती पुठ्ठ्यामागं छापायचं ठरवलं. मुलांनी ती कापून जपून ठेवायची. फॅन मंडळी त्याला 'फाईल कार्ड' म्हणतात.

सगळ्यात लाडका कोण म्हणाल, तर स्नेक आईज. डोक्यापासून पायापर्यंत काळा. त्यामागचं कारण मजेशीर आहे. पहिल्या खेपेला रंगाचा खर्च वाचवायचा होता, म्हणून एक सैनिक नुसत्या काळ्या प्लास्टिकमध्ये ओतला, वर ब्रश लावलाच नाही! हामानं या काटकसरीचंच सोनं केलं. चेहरा दिसत नाही, तर तो लपवतोय असं धरलं. तो बोलत नाही असं ठरवलं. कार्डावर नाव 'गुप्त', गाव 'गुप्त'. १९८४ मध्ये कॉमिकचा २१ वा अंक तर असा काढला, की त्यात एकही संवाद नाही. कॉमिकवेडे आजही त्या अंकाचं नाव काढतात.

साचे निघाले प्रवासाला

आता आपल्याकडं येऊ. १९८७ मध्ये एमआरएफ या टायर कंपनीनं हॅस्ब्रोशी हातमिळवणी करून 'फनस्कूल' काढली. पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झालं. कारखाना गोव्यात, फोंड्याला. त्या काळी परदेशी खेळणी सरसकट आयात करता येत नव्हती. मग उपाय काय? खेळणं आणायचं नाही, साचा आणायचा.

जालना जिल्ह्यातल्या माणसाला साचा, म्हणजे डाय, काय भानगड असते ते सांगायला नको. पोलादाचा जड ठोकळा, आत सैनिकाच्या हातापायांची पोकळी. त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबानं भरायचं. एक साचा वर्षानुवर्षं चालतो. हॅस्ब्रोचे साचे असेच देशोदेशी फिरले. ब्राझीलमध्ये 'एस्ट्रेला', अर्जेंटिनात 'प्लास्टिरामा' आणि भारतात 'फनस्कूल'.

साचा तोच, पण प्लास्टिक इथलं आणि रंगवणारे हातही इथले. त्यामुळं आपले सैनिक अमेरिकेतल्या भावंडांपेक्षा जरा वेगळेच निघायचे. तिकडं मातकट हिरवा असलेला गडी इकडं निळा-पिवळा होऊन यायचा. लपूनछपून हल्ला करणाऱ्यानं इतके भडक कपडे घातले तर शत्रूला दुर्बीण कशाला लागेल? पण हाच वेडेपणा पुढं त्यांची ओळख झाला. १९९४ मध्ये अमेरिकेत पावणेचार इंची मालिका बंद झाली. हे दुसरं मरण. तरी भारतात सैनिक निघतच राहिले. ज्यांचं बालपण तिकडं संपलं होतं, असे अमेरिकन संग्राहक मग भारतीय सैनिक शोधू लागले.

पुढं २००१ मध्ये आयातीवरची संख्येची बंधनं उठली. स्वस्त चिनी खेळण्यांनी बाजार भरला. आपल्याकडचा जी.आय. जोही हळूहळू दुकानांतून दिसेनासा झाला. आणि त्याचा गाजावाजा काही झाला नाही. शेवटचा सैनिक विकला गेला, तेव्हा तो शेवटचा आहे हे विकणाऱ्यालाही कळलं नसेल.

चार पोरं, चार कार्डं

हसनाबाद हे माझं आजोळ. माझ्या मामाचं तिथं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो भरून देतो. १९९५ च्या सुमारास तो पाचवीत होता. त्याचा काका वाळूजच्या एमआयडीसीत कामाला. काका दिवाळीला आणि पोळ्याला गावी यायचा, तेव्हा औरंगाबादहून (तेव्हा हेच नाव होतं) एखादा सैनिक घेऊन यायचा. असे सहा सैनिक जमले. गावात आणखी कुणाकडंच नव्हते. त्यामुळं ते चार जणांच्या मालकीचे झाले : मामा, त्याचे दोन मित्र आणि मामाची थोरली बहीण, म्हणजे माझी आई.

अडचण एकच, पुठ्ठ्यामागचं सगळं इंग्रजीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. ज्या पोरांची एबीसीडी नुकतीच पाठ झालीय, ती 'स्पेशालिटी' कशी वाचणार? पहिलं कार्ड काकानं मराठीत सांगितलं. बाकीची आईनं डिक्शनरी घेऊन लावली. मेजर ब्लड हा एका डोळ्याला पट्टी बांधलेला भाडोत्री सैनिक फावल्या वेळात कविता करतो, तेही वाईट, हे तिला कळलं तेव्हा म्हणे सगळे अंगणात लोळून हसले होते.

मग त्यांनी जे केलं, त्यासाठी मी हा लेख लिहितेय. त्यांनी स्वतःची कार्डं बनवली. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर, शाईच्या पेनानं. चारही कार्डं सैनिकांच्याच डब्यात होती. मी ती पाहिलीत. मामाचं असं आहे :

'जन्मगाव : हसनाबाद. मुख्य काम : विहिरीत सूर मारणे. जोडकाम : म्हशी राखणे.'

एका मित्रानं स्नेक आईजची नक्कल करून प्रत्येक रकान्यात 'गुप्त' लिहिलंय. जन्मगाव पण गुप्त! मामा म्हणतो, "त्याला वाटायचं गुप्त म्हणजे लई भारी. गावातल्या पोराला गावातच काय गुप्त ठेवायचंय!"

दुसऱ्या मित्रानं लिहिलं होतं, 'मुख्य काम : टेहळणी.' तो आज खरोखर सैन्यात आहे. सुट्टीवर आला होता तेव्हा मी त्याला कार्ड दाखवलं. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "भरतीच्या फॉर्मात पण हेच विचारतात. नाव, गाव, उंची, छाती. फक्त स्वभावाच्या चार ओळी लिहायला जागा नसते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या भागात पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं तुम्हीही बघता. भरतीची तारीख आली की ती एक आकडा होतात : इतक्या जागा, इतके अर्ज. पण त्यातला एखादा उत्तम भाकरी थापत असेल, एखादा वाईट कविता करत असेल. युद्धाचं खेळणं विकणाऱ्या कंपनीला ते चांगलं वाटावं म्हणून का होईना, पण त्या पुठ्ठ्यानं एक गोष्ट शिकवली : प्रत्येक सैनिक कुठल्यातरी गावचा असतो.

आणि आईचं कार्ड? 'जन्मगाव : हसनाबाद. मुख्य काम : वायरलेस.' तिचं लग्न बारावीनंतर लगेच झालं. तिला विचारलं, वायरलेसच का? जी.आय. जोमध्ये ब्रेकर नावाचा वायरलेसवाला आहे खरा, पण तो काही यांच्या सहा जणांत नव्हता. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, बातमी सगळ्यात आधी कुणाला कळते? वायरलेसवाल्यालाच ना." आणि मग, "तू पण तेच करायलीस की."

मग बंद नेमकं काय झालं?

तुम्ही म्हणाल, जी.आय. जो बंद कुठं झालाय? २००९, २०१३, २०२१ असे सिनेमे आले. २०२० पासून हॅस्ब्रोनं सहा इंची सैनिकांची नवी मालिका काढली. बरोबर आहे. नाव चालू आहे. पण ते नवे सैनिक मुख्यतः माझ्या मामाच्या वयाच्या, खिशात पैसे असलेल्या लोकांसाठी आहेत. बरेच जण ते पाकीटही फोडत नाहीत, कपाटात मांडून ठेवतात. अंगणात धुळीत लोळणारा सैनिक मात्र गेला.

आणि पाकीट न फोडण्यावरून आठवलं. जुन्या सैनिकांच्या बाजारात सीलबंद पुठ्ठ्याला सगळ्यात जास्त भाव. मामाचे सहाही सैनिक पेंटलेले, घासलेले, एकाचा अंगठा तुटलेला. त्यांना भाव शून्य. पण सीलबंद राहिले असते, तर ती चार कार्डं कधी लिहिली गेली असती का?

राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या यात्रेत आजही खेळण्यांची दुकानं लागतात. मी मुद्दाम बघत हिंडले. सुपरहिरो भरपूर, दिवे लागणारे, आवाज करणारे. एकाच्याही पाठीमागं तो कोण, कुठला, हे लिहिलेलं नाही. माझ्या मामेभावाला मी तसला एक घेऊन दिला. वर वहीचा एक पुठ्ठाही दिला. रकाने आखून दिलेत. बघू काय लिहितो.

तुमच्या घरातही माळ्यावर एखादा डबा असेल. जी.आय. जो नसेल, बाहुली असेल, लाकडी बैल असेल, चेंगटलेली गाडी असेल. आईबाबांना, मामाला, आत्याला एकदा विचारा, याचं नाव काय ठेवलं होतं? गाव कोणतं दिलं होतं? उत्तर लगेच येतं, तेव्हाची मजा बघा.

चौकट : सैनिकाचे दोन तुकडे झालेत?

जुना जी.आय. जो सापडला आणि कमरेतून निखळलेला असेल, तर टाकू नका. तो मोडलेला नसतो. त्याच्या पोटात रबराची एक गोल रिंग असते. तीच छाती आणि पाय एकत्र धरून ठेवते. वर्षांनी रबर कडक होतं आणि तुटतं, एवढंच.

- पाठीवरचा स्क्रू लहान पेचकसानं सावकाश काढा. जोर लावलात तर जुनं प्लास्टिक चिरतं.
- छातीचे दोन भाग उघडले की तुटलेलं रबर आणि पायांना जोडणारा लोखंडी आकडा दिसेल. हात कसे बसवलेत त्याचा फोटो आधीच काढून ठेवा.
- तुटलेलं रबर सोबत घेऊन मोटारपंप किंवा नळाचं सामान विकणाऱ्याकडं जा. त्याच मापाची ओ-रिंग मागा. फार जाड घेऊ नका, कंबर वळणार नाही.
- रिंग आकड्यात अडकवा, कमरेच्या तुकड्यातून वर ओढा, छातीतल्या खुंटीवर चढवा आणि स्क्रू हलकेच आवळा.

मामानं त्याचे पाच सैनिक असेच उभे केले, दुकानातल्या पंपाच्या ओ-रिंगा वापरून. सहाव्याचं माप अजून मिळायचंय.