बाप्तिस्म्याच्या अलीकडे, पलीकडे

फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना येशूने शिष्यांना विचारले, लोक मला कोण समजतात? उत्तरे भराभर आली. कोणी बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतात, कोणी एलिया, कोणी एखादा संदेष्टा. आणि तुम्ही? यावर पेत्र म्हणाला, तू मसीहा आहेस. उत्तर बरोबर होते. तरी मार्कच्या शुभवर्तमानात येशू ते कुणाला सांगू नका अशी ताकीद देतो आणि थोड्याच वेळात त्याच पेत्राला सैतान म्हणून झिडकारतो. पेत्राला मसीहा हवा होता, पण छळ सोसून मरणारा मसीहा त्याला चालत नव्हता. नाव अचूक सांगूनही माणूस ओळखला न जाण्याचा हा पहिला नोंदलेला प्रसंग म्हणता येईल.

मराठीत या प्रश्नाची उत्तरे चारशे वर्षे दिली जात आहेत. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, त्यांना वाचायला काहीतरी हवे होते. त्याने त्यांच्यासाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. आपल्याला त्यातली मराठी भाषेची स्तुती तेवढी पाठ असते, कारण पाठ्यपुस्तकांनी तेवढीच उचलली. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला त्या नायकाकडे वाङ्मयेतिहासाने पाहुण्यासारखे पाहिले.

पुढे इंग्रजी राज्यात येशूवर ‘गोऱ्यांचा देव’ हा शिक्का बसला, तो अजून पुरता गेलेला नाही. येशू यहुदी होता आणि यहुदी लोक कुलाबा जिल्ह्यात घाण्यावर तेल गाळत, मराठी बोलत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, हे मात्र कुणाला आठवले नाही.

शिक्का न मानणारे पहिले मोठे मराठी मन जोतीराव फुल्यांचे. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता, पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला थेट बळीराजाच्या ओळीत बसवले. पाडव्याला ‘इडा पिडा टळो’ म्हणत आपण ज्याची वाट पाहतो तो बळी आणि क्रुसावर मारला गेलेला हा माणूस, दोघेही दीनदुबळ्यांचे कैवारी, दोघेही दुष्टांच्या हातून संपवलेले. धर्मपंडितांना हे पटणार नाही. इतिहास म्हणून ते टिकतही नाही. पण पेत्राला जे पेलले नव्हते, म्हणजे मार खाणारा राजा, ते फुल्यांना सहज पेलले.

पंडिता रमाबाईंची गोष्ट अधिक अवघड आहे, म्हणूनच इथे जास्त थांबावेसे वाटते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या भगिनी लंडनमध्ये समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना आसरा देत. रमाबाईंनी ते काम पाहिले आणि विचारले, तुम्हाला यांची दया का येते? एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली ती परजातीची बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी उपासनेसारख्या गहन विषयावर बोलतो. स्त्रियांविषयी शास्त्रांत काय लिहिले आहे ते संस्कृतात मुखोद्गत असलेल्या विदुषीला ही ओळख पुरेशी होती.

म्हणून त्या अँग्लिकन चर्चच्या चौकटीत मुकाट बसल्या असे नाही. त्रैक्यावरून त्यांनी वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून खडाजंगी केली. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, हेही विचारले. एका पुरोहितशाहीतून नुकती सुटलेली मी दुसरीच्या हातात मान देणार नाही, हा त्यांचा सूर. इकडे पुण्यात त्या ‘बाटलेल्या’ ठरल्या, तिकडे हट्टी.

त्यांचे सर्वांत धाडसी म्हणणे पुढे आले. बाप्तिस्म्याला आठेक वर्षे होऊन गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नाही. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे छापून जाहीर केले. ज्या धर्मांतरासाठी स्वकीय समाज दुरावला ते अपुरे होते असे चारचौघांत सांगायला केवढे बळ लागत असेल! नंतरची त्यांची वर्षे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये गेली. दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, अंध स्त्रिया यांच्यात राहून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले आणि ते तिथल्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातून छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

येशू कुणाचा, हा झगडा चित्रांतही झाला. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली तेव्हा तिथल्या कित्येक श्रद्धाळूंना ते खपले नाही. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना जागा मिळाली. निळ्या डोळ्यांचा येशू ज्यांना परका वाटला नाही त्यांना साडीतली मरिया खटकावी, याचे मला अजून नवल वाटते.

नारायण वामन टिळकांना आपण ‘फुलामुलांचे कवी’ करून निकालात काढले. १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले ते कायमचेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत येशू वारकऱ्याच्या विठ्ठलासारखा गुरू आणि माउली होऊन येतो. यात येशूचा विठोबा होऊन जाण्याचा धोका आहे, असे काही ख्रिस्ती टीकाकार म्हणतात. धोका आहेच. पण पेत्राच्या मसीहातही तो होता.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून सामावले जायचे होते. मिशनमधल्या अनेकांना हे कसे बसवावे ते कळेना. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार पुढे फार काळ चालला नाही. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. टिळक ख्रिस्ती झाल्यावर सोवळे सांभाळत काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिलेल्या याच लक्ष्मीबाई. नवऱ्याने लिहिले त्याच्या कितीतरी पट ओव्या त्यांनी लिहिल्या.