नावांविना चेहरे, चेहऱ्यांविना नावे

जुन्नरहून नाणेघाटाला गेलात, तर घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात थोडे थांबा. तेथे मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजकुलातील आठ व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणांपलीकडे त्यांचे फारसे काही उरलेले नाही. पण वर ब्राह्मी लिपीत कोरलेली बरीचशी नावे शाबूत आहेत : सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि श्रीसातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा कौटुंबिक फोटोच म्हणा ना! चेहरे गेले, नावे राहिली. मात्र कोरणाऱ्याने नावांबरोबर नाती कोरली नाहीत. त्यामुळे हा त्रणकयिर नागनिकेचा पिता असावा, असे विद्वान तर्काने म्हणतात, एवढेच.

आपल्या घरच्या ट्रंकेत नेमके याच्या उलट घडलेले असते. फेटा बांधलेले कोणी आजोबा खुर्चीत ताठ बसलेले, बाजूला नऊवारीतली बाई, पुढे जमिनीवर दोन मुले. चेहरे स्पष्ट, पण ही माणसे कोण, हे सांगणारे घरात कोणी नाही. मग शोध कोठून सुरू करायचा?

आधी फोटोलाच विचारू या. एक बहिर्गोल भिंग घ्या. कागद पातळ असून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे, रंग पिवळट-तपकिरी आहे आणि भिंगातून कागदाचे तंतू दिसतात, असे असेल, तर तो अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरचा फोटो असण्याचा संभव आहे. ही पद्धत मुख्यतः १८५० ते १९०० या काळातली. पुढे जिलेटिनचा कागद आला. त्यात कागद आणि जिलेटिन यांच्यामध्ये बेरियम सल्फेटचा पांढरा थर असल्याने तंतू झाकले जातात. असा फोटो उजेडात तिरपा धरा. गडद भागांवर निळसर, आरशासारखी झाक दिसली, तर ती चांदी आहे! हवेतील वायू आणि दमटपणा यांमुळे प्रतिमेतील चांदीचे कण आयनरूप होतात, पृष्ठभागाकडे सरकतात आणि तेथे पुन्हा धातुरूप होतात. रंगीत फोटोत शेवटी चांदी उरतच नाही, उरतात ती सेंद्रिय रंगद्रव्ये. ती लवकर विटतात. म्हणून आईबाबांच्या लग्नातला फोटो लालसर झालेला असतो आणि पणजोबांचा मात्र टिकून असतो. पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असेल, तर गावही कळते.

पण फोटोवरून साल फार तर दहा-वीस वर्षांच्या अंदाजाने ठरेल. नावासाठी कागदाकडेच जावे लागते. शाळेचे जनरल रजिस्टर, तलाठ्याकडचे फेरफार आणि तहसील कचेरीतील गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. हिलाच लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. फेरफारातील वारसनोंदी मला विशेष मोलाच्या वाटतात, कारण वंशावळीत सहसा न सापडणारी विधवेची आणि मुलींची नावे तेथे भेटतात. त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्री उपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव आणि पिढ्यांची नावे असतात, तीही पाहावीत.

अडचणी मात्र बऱ्याच आहेत. जुन्या नोंदी मोडीत आहेत. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. आडनाव बहुधा नसतेच. ‘अमुक वलद तमुक’ म्हणजे अमका तमक्याचा मुलगा, एवढ्यावर काम भागवलेले असते. वय लिहिताना ३०, ३५, ४० असे गोल आकडे घालण्याची सवय, म्हणून वयावरून काढलेल्या जन्मसालावर फार विसंबू नये. कालगणनाही निराळी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हा मंत्र नव्हे. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १०० आणि अलफ १०००. बेरीज ११६१. शुहूर सनाच्या या आकड्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि पुढील महिन्यांसाठी ६०० मिळवा. जानेवारीसाठी येतात १७६१, म्हणजे पानिपतचे साल!

घरातल्या आठवणींनाही असेच साल चिकटवता येते. ‘पणजी मानमोडीत गेली’ असे कोणी सांगितले, तर ते १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीबद्दल असते. (जुन्नरकरांनी मात्र नीट विचारून घ्यावे, त्यांच्याकडे मानमोडी नावाचा डोंगरच आहे.)

हा उद्योग केवळ हौसेचा नाही. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम भागात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. पणजोबांच्या नोंदीत लिहिणाऱ्याने नुसते ‘कोळी’ लिहिले असेल, तर पणतूचा जातपडताळणीचा दाखला अडू शकतो. २०२३ साली राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किंमत साऱ्यांना कळली.

आणि कागद नाहीसे होतात, तेही याच मुलखात दिसते. घोड नदीवरील डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. गावची माणसे विखुरली, की ‘हा फोटोतला कोण?’ हे सांगणारा शेजारीही हरवतो. ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली आणि घरांबरोबर घरातल्या पेट्याही गाडल्या गेल्या. अशा वेळी तालुक्याच्या कचेरीतली वही, किंवा दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीच्या घरातला फोटो, एवढाच काय तो आधार.

फोटो आणि नोंद दोन्ही जुळल्याचे उत्तम उदाहरण मात्र समुद्रापलीकडे आहे. मुंबई बंदरातून मॉरिशसला करारावर गेलेल्या मजुरांत मराठी माणसेही होती. तेथील सरकारने १८६० च्या दशकापासून मजुरांचे फोटो काढून ते क्रमांकाला जोडले. हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे. मजुरावर नजर ठेवण्यासाठी काढलेला तो फोटो आज त्याच्या वंशजाला पणजोबांचा चेहरा दाखवतो. नोंदीतले गाव नीट वाचता आले, तर कोकणातले घरही सापडू शकते.

आता सुट्टीत करण्याजोगा प्रयोग. घरातला जुना फोटो घेऊन घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. प्रत्येकाचे नाव, गाव आणि हो, नातेही विचारा. ते मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, दाब न देता, कडेला लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. खिडकीजवळच्या सावलीत फोटोचा फोटो काढून त्याची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवायला द्या.