गुऱ्हाळातलं मशीन

मंड्याच्या गुऱ्हाळाची बातमी नोव्हेंबर २०२३ मध्ये सगळ्यांनी वाचली. बंगळुरूच्या बैयप्पनहळ्ळी पोलिसांनी टोळी पकडली. गरोदर बायकांना गुऱ्हाळात नेऊन सोनोग्राफी व्हायची आणि मुलगी निघाली की म्हैसूरच्या एका खासगी दवाखान्यात गर्भ पाडला जायचा, असं तपासात पुढे आलं. सुमारे ९०० गर्भपात, हा आकडा तेव्हा पोलिसांनीच दिला. प्रकरण सीआयडीकडे गेलं. पुढच्या मे महिन्यात मंड्या जिल्ह्यातल्याच पांडवपुरात, चक्क आरोग्य खात्याच्या क्वार्टर्समध्ये बेकायदा गर्भपात उघडकीस आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हैसूरजवळच्या बन्नूर भागात एका घरावर पुन्हा छापा पडला.

टोळी, दलाल, दर, अटका हे सगळं छापून आलंय. मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे. शरीराच्या आतलं दाखवणारं यंत्र उसाच्या चरकाशेजारी बसवून चालतंच कसं?

एक्स-रेचं मशीन असं सहजी चाललं नसतं. त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, खोलीला किरण अडवणाऱ्या भिंती लागतात, चालवणाऱ्याच्या छातीला किरणं मोजणारा बॅज लागतो. सीटी स्कॅनचा बोजा त्याहून मोठा. एमआरआयचं चुंबकच काही टनांचं, त्याला खास खोली बांधावी लागते. सोनोग्राफीला यातलं काहीच लागत नाही. भिंतीतला प्लग पुरतो, हल्ली तोही नाही.

कारण तिथे किरणंच नसतात, आवाज असतो. पोटावर फिरवतात त्या प्रोबमध्ये खास स्फटिक बसवलेले असतात. वीज दिली की ते थरथरतात आणि दाब पडला की उलट वीज देतात. पिएर आणि झाक क्युरी या भावांनी दाबाने वीज देण्याचा गुण १८८० साली दाखवला. पोट तपासताना हे स्फटिक सेकंदाला वीस ते पन्नास लाख वेळा थरथरतात. माणसाचा कान वीस हजारांच्या पुढे ऐकत नाही. विहिरीत हाक मारली की भिंतीवरून परत येते, तसा हा आवाज पेशींच्या प्रत्येक थरावरून थोडा थोडा परततो. मऊ मांसातून तो सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. दहा सेंटिमीटर खोलवरचा पडसाद परत यायला सेकंदाचा सात-आठ हजारावा भाग पुरतो. पडसाद किती वेळाने आला त्यावरून खोली आणि किती जोरात आला त्यावरून उजेड, असे ठिपके मांडत पडद्यावर चित्र उभं राहतं. पाण्यातून काही परतत नाही म्हणून पाणी काळं दिसतं. हाडावरून बरंच परततं म्हणून हाड पांढरं. हवा तर आवाजाला आत शिरूच देत नाही, म्हणून तो गार जेल आधी चोपडतात.

गर्भ पाण्यातच असतो. या यंत्रासाठी त्याहून सोयीची जागा शरीरात दुसरी नाही.

सोनोग्राफी येण्याआधी गर्भ पाहायला डॉक्टरांकडे एक्स-रे हाच डोळा होता. बाळ आडवं आहे का, जुळं आहे का, आईच्या कमरेच्या हाडांतून डोकं निघेल का, हे पाहायला गरोदर बाईचा सर्रास एक्स-रे काढत. ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या आयांना गाठून साधी प्रश्नावली भरून घेतली. गरोदरपणी काय काय झालं होतं ते सांगा. १९५६ मध्ये त्यांनी पहिला निष्कर्ष मांडला आणि १९५८ मध्ये सविस्तर अभ्यास. पोटात असताना ज्यांचा एक्स-रे निघाला, त्या मुलांत कॅन्सरने मरण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. वैद्यकविश्वाने ते मान्य करायला वर्षानुवर्षं लावली. आयांना विचारून विज्ञान होतं का, असा तो तोरा होता.

नेमक्या त्याच १९५८ साली, ७ जूनला, ‘लॅन्सेट’मध्ये ग्लासगोच्या प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापकाचा लेख आला. इयन डोनाल्ड. या माणसावर थोडं थांबायला हवं, कारण आज म्हैसूर-मंड्यात जे चाललंय त्याचा उलटा चेहरा त्याच्यात दिसतो.

डोनाल्ड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात डॉक्टर होते. रडार, सोनार ही यंत्रं त्यांनी तिथेच जवळून पाहिली. १९५५ च्या जुलैत ते ग्लासगोजवळच्या रेनफ्रू इथल्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर कंपनीत गेले. तिथे पोलादाच्या जोडातल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. डोनाल्डनी गाडीच्या डिकीतून काय नेलं असेल? बायकांच्या पोटातून काढलेल्या गाठी. तुलनेसाठी कंपनीने मांसाचा एक मोठा तुकडा ठेवला होता. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यंत्राने वेगळी ओळखली. मग केल्विन अँड ह्यूज कंपनीचा टॉम ब्राऊन हा विशीतला इंजिनीअर त्यांना येऊन मिळाला. डॉ. जॉन मॅकव्हिकरही सोबत होते. पुढे जठराचा कॅन्सर, आता काही करता येणार नाही, असं म्हणून सोडून दिलेली एक बाई त्यांच्याकडे आली. यंत्राने दाखवलं ते अंडाशयातलं पाण्याचं प्रचंड आवाळू. शस्त्रक्रिया झाली, बाई वाचली. बायकांच्या आजारातून जन्मलेलं, बाईचा जीव वाचवून नाव कमावलेलं असं हे यंत्र आहे.

आणि डोनाल्ड गर्भपाताचे कट्टर विरोधक होते. १९६७ च्या ब्रिटिश गर्भपात कायद्याविरुद्ध त्यांनी जाहीर भूमिका घेतली. गर्भपातासाठी आलेल्या बायकांना ते पडद्यावरचं बाळ दाखवत, त्यांचं मन फिरावं म्हणून. मला हे पटत नाही. अडचणीतल्या बाईवर चित्राचा दबाव आणणं हा जुलूमच आहे, आणि आपला १९७१ चा गर्भपाताचा कायदा बाईला जे देतो ते गुऱ्हाळांच्या रागापायी कमी होता कामा नये. पण चित्र दाखवून गर्भ ठेवायला लावणारा तो माणूस आणि चित्र पाहून गर्भ पाडायला लावणारं ते गुऱ्हाळ, यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. दोन्हीकडे पडद्याकडे पाहून निर्णय दुसऱ्याच कोणीतरी घेतलेला असतो.

सोनोग्राफीचे सगळे गुण गरोदर बाईच्या भल्याचे आहेत. किरणं नाहीत, दुखत नाही, स्वस्त आहे, कुठेही नेता येतं, पुन्हा पुन्हा करता येतं. म्हैसूरच्या सरकारी चेलुवांबा रुग्णालयात दूरच्या खेड्यांतून बायका येतात. वार खाली सरकलेली आहे का, बाळाच्या मणक्यात दोष आहे का, हे वेळेत कळलं तर जीव वाचतो. पण हेच गुण गुन्हेगाराच्याही सोयीचे ठरले. त्यात एक भर आहे, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. एक्स-रे मागे फिल्म ठेवतो. सोनोग्राफी हलतं चित्र दाखवते, आणि मुद्दाम साठवलं नाही तर ते पुसून जातं. डॉक्टर नुसता हसला किंवा बोटाने खूण केली, तरी लिंग कळतं आणि गुन्हा पूर्ण होतो. हातात काही उरत नाही.

म्हणून या गुन्ह्याविरुद्धचा कायदा कागदी नोंदींवर उभा आहे, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्राने केली. गर्भजलपरीक्षेने लिंग सांगणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिराती ऐंशीच्या दशकात राजरोस लागत. आज पाचशे घाला आणि उद्याचा हुंडा वाचवा, असा त्यांचा सूर. मुंबईतल्या स्त्री संघटनांनी आणि डॉक्टर-कार्यकर्त्यांनी आंदोलन केलं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला, १९९६ पासून लागू झाला, आणि निजला. २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा तो जागा झाला. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात देशात हजार मुलग्यांमागे ९२७ मुली होत्या, महाराष्ट्रात ९१३ आणि सुपीक, सुखवस्तू कोल्हापुरात ८३९. उसाचा पट्टा आहे तो. मंड्याही उसाचाच.

प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी ‘फॉर्म एफ’ भरायचा, ही रेडिओलॉजिस्ट मंडळींची जुनी सल. पत्ता अर्धा राहिला, सही सुटली की मशीनला सील आणि डॉक्टर आरोपी. १ सप्टेंबर २०१६ ला त्यांनी देशभर काम बंद ठेवलं होतं. त्यांच्यातल्या प्रामाणिक डॉक्टरांची तगमग खरी आहे. तरीही २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी कायम ठेवल्या आणि अशा चुकांना निव्वळ कारकुनी मानायला नकार दिला, ते मला योग्य वाटतं. चित्र उरत नसेल तर कागद तरी उरला पाहिजे. कोल्हापुरात जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख यांनी मशीनलाच ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडायला लावला, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा.  रेडिओलॉजिस्ट संघटना त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये हरली.

नोंद असलेल्या मशीनवर हा पहारा चालतो. मग गिऱ्हाईक नोंद नसलेल्या मशीनकडे वळतं, किंवा राज्याची हद्द ओलांडतं. मिरज तालुक्यातलं म्हैसाळ आठवा. मार्च २०१७ मध्ये तिथे गर्भपात करताना एक तरुणी गेली आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तपास पोहोचला हद्दीपलीकडच्या कागवाडला आणि विजापूरला. दलालांच्या नकाशात महाराष्ट्र-कर्नाटक अशी रेघ नाही. दोन्हीकडच्या आरोग्य खात्यांच्या नकाशात मात्र ती ठळक आहे.

हे गुन्हे न्यायालयात टिकवायचे तर साक्षीदार लागतो, आणि इथे साक्षीदार गरोदर बाईच असावी लागते. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळाने हे काम उभं केलं. पोटात बाळ असलेल्या बायका बनावट गिऱ्हाईक होऊन दलालामागून अनोळखी खोलीत गेल्या, टेबलावर निजल्या, डॉक्टरचे शब्द कानांत साठवून बाहेर आल्या आणि पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार देशपांडे यांना मिळाला तेव्हा आपल्याकडे चार ओळींची बातमी झाली. त्या बायकांची नावं कुणी छापू नयेत हेच बरं, पण त्यांच्या धैर्याची दखल अजून पुरती घेतली गेलेली नाही.

आता यंत्र मोबाईलला जोडता येईल इतकं लहान झालंय. स्फटिकांऐवजी एका चिपवर चालणारा प्रोब २०१७ पासून अमेरिकेत मान्य आहे. तालुक्यापासून दूरच्या वाडीत नर्सच्या हाती तो असता तर कितीतरी बाळंतपणं सुखरूप झाली असती. आपल्याकडे गुन्हेगारांच्या भीतीने त्याच्यावर बंधनं आहेत, आणि ती भीती खोटी नाही. गुऱ्हाळवाल्यांनी किती बायकांची सुरक्षित तपासणी हिरावली, याचा हिशेब कुठल्याच आरोपपत्रात येत नाही.

म्हणून माझा हट्ट एकाच गोष्टीचा आहे. चित्र पुसलं जातं, मशीनवरचा नंबर जात नाही. नोंदणी नसलेल्याला सोनोग्राफीचं मशीन विकणं हाच कायद्याने गुन्हा आहे. उत्पादकाने दर तीन महिन्यांनी खरेदीदारांची यादी सरकारला द्यायची असते. ‘सेहत’च्या खटल्यात विप्रो जीई, फिलिप्स, सीमेन्स, तोशिबा, एल अँड टी अशा कंपन्यांना सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकांची यादी द्यायला लावलीच होती. मग मंड्याच्या गुऱ्हाळातलं मशीन पहिल्यांदा कुणाच्या नावावर विकलं गेलं, तिथून जुन्या मशीनच्या बाजारात कसं उतरलं आणि मधल्या प्रत्येक हाताने कोणती पावती फाडली, हे आरोपपत्रात आलं पाहिजे. बन्नूरच्या घराबद्दलही हेच. आणि म्हैसाळला तर ते २०१७ मध्येच विचारायला हवं होतं.