रिकाम्या पोत्यांतून अडवा ओढ्याचे पाणी



घरबांधणी झाली की सिमेंटची रिकामी पोती परड्यात पडून राहतात. कुणी ती जाळतो, कुणी उकिरड्यावर टाकतो. इकडे दिवाळीनंतर ओढ्याचं पाणी डोळ्यांदेखत वाहून जातं आणि हरभऱ्याला शेवटचं पाणी देताना विहीर तळ दाखवते. या पोत्यांचाच बांध घालून ते पाणी अडवता येतं. यालाच ‘वनराई बंधारा’ म्हणतात. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेने त्याचा प्रसार केला.

वेळ आणि जागा : जोराचा पाऊस संपला, पण ओढा अजून वाहता आहे, अशा वेळी काम धरावे. ओढा अरुंद, काठ पक्के आणि तळाचा उतार कमी असेल ती जागा निवडावी. ग्रामपंचायतीला आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांना आधी विचारावे.

पोती किती लागतील? पाऊण भरलेलं पोतं साधारण एक घनफूट जागा घेतं. समजा, ओढा १५ फूट रुंद आहे आणि बांध ३ फूट उंच घालायचा आहे. तळाची जाडी उंचीच्या दुप्पट, म्हणजे ६ फूट ठेवावी. माथ्याची २ फूट. सरासरी जाडी ४ फूट झाली. १५ × ४ × ३ = १८० पोती. ३ फुटांपेक्षा उंच जाण्याचा मोह नको.

काम कसे करावे? आमच्या पहिल्या बंधाऱ्यात आम्ही पोती सरळ वाळूवर रचली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो पाणी बांधाखालून निघून गेलेलं! म्हणून आधी तळाची सैल वाळू काढून चर घ्यावा आणि तो चिकणमातीने ठासून भरावा. पोत्यांत वाळू, मुरूम किंवा बारीक माती भरावी. ढेकळं भरू नयेत, मध्ये पोकळी राहते. पोतं गच्च भरलं तर ते गोल होतं, नीट बसत नाही. म्हणून पाऊणच भरून दाभण-सुतळीने तोंड शिवावे. विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधेमोड करून थर द्यावेत आणि दोन्ही टोकं काठात फूट-दीड फूट शिरवावीत. पाण्याच्या अंगाला चिकणमातीचा जाड लेप द्यावा. माथा मध्ये थोडा खोलगट ठेवावा, नाही तर पाणी काठ पोखरून निघतं. जादा पाणी पडतं तिथे दगड टाकावेत.

हा बांध म्हणजे धरण नव्हे. पण साठलेलं पाणी हळूहळू जमिनीत मुरतं, काठच्या विहिरींना आधार मिळतो आणि जनावरांना पाणी होतं. हरभऱ्याचं एक पाणी निभावलं तरी मेहनत फिटली.

एवढे जपा : कीटकनाशकांची पोती किंवा पिशव्या अजिबात वापरू नका. उन्हाने पोत्यांचे धागे तुटतात, म्हणून वरच्या थरावर माती घाला. पावसाळ्यापूर्वी पोती उचलाच. नाही तर पहिल्या पुरात ती फाटून चिंध्या शेताशेतांत पसरतील. चांगली पोती धुऊन, वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवा.

दहा-पंधरा घरं एकत्र आली तर असा बांध एका दिवसात उभा राहतो. जागेबद्दल शंका असेल तर आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला ओढ्यावर घेऊन जा.