मल्टिपल स्क्लेरोसिस : औषधांची साथ आणि माणसांचा आधार

आजारी माणूस म्हटले की अंथरुणाला खिळलेली व्यक्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु काही आजार असे असतात की, ते जडलेली व्यक्ती रविवारच्या मिस्सेला आपल्याच बाकावर बसलेली असते, आपल्याशी हसून बोलते, आणि तरीही तिचे शरीर आतून एका दीर्घ झुंजीत गुंतलेले असते. मल्टिपल स्क्लेरोसिस, संक्षेपाने एम.एस., हा असाच एक आजार आहे. जगभरात २८ लाखांहून अधिक लोक या आजारासह जगत आहेत. दरवर्षी ३० मे हा दिवस जागतिक एम.एस. दिन म्हणून पाळला जातो. आपल्या भागात मात्र या आजाराचे नावही अनेकांनी ऐकलेले नसते.

सांगली आणि मिरज यांच्या मधोमध वसलेला आमचा विश्रामबाग हा विद्यार्थ्यांचा परिसर आहे. विलिंग्डन महाविद्यालय आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय येथेच आहेत. एम.एस. बहुधा वयाच्या २० ते ४० वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक असते. म्हणजे शिक्षण, नोकरी, विवाह आणि मातृत्व यांची स्वप्ने पाहण्याच्या वयातच तो गाठतो. म्हणूनच या विषयाची माहिती आमच्या वाचकांपर्यंत पोहोचावी असे आम्हांला वाटते.

आजाराचे स्वरूप

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या नसा यांतील तंतूंवर मायेलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टन असते, तसेच हे आवरण. एम.एस.मध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा या आवरणालाच परके समजून त्यावर हल्ला करते. आवरण झिजले की मेंदूचे संदेश मंदावतात किंवा वाटेतच अडतात. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, पाय जड होणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विश्रांतीनेही न जाणारा थकवा ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

सन १८६८मध्ये फ्रेंच वैद्य झाँ-मार्तें शार्को यांनी या आजाराचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचे नेमके एकच कारण अद्याप सांगता येत नाही. अनुवंशिक प्रवणता, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान आणि एपस्टाईन-बार या विषाणूचा पूर्वी झालेला संसर्ग यांचा त्याच्याशी संबंध आढळला आहे. हा आजार संसर्गजन्य नाही. तो कोणाच्या पापाचे फळ नाही आणि करणीचा प्रकारही नाही.

आराम म्हणजे रोगमुक्ती नव्हे

सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये हा आजार प्रारंभी झटक्यांच्या रूपाने येतो. काही दिवस वा आठवडे त्रास होतो, आणि नंतर तो आपोआप पुष्कळसा ओसरतो. येथेच मोठा धोका आहे. डोळ्यांपुढचा पडदा दूर झाला, पायांत पुन्हा बळ आले की रुग्णाला आणि कुटुंबाला वाटते, आजार गेला. त्या काळात जो काढा घेतला असेल, जो ताईत बांधला असेल किंवा ज्या प्रार्थनासभेत हात ठेवला गेला असेल, त्याला सारे श्रेय मिळते आणि औषधे बंद होतात. वास्तविक आतील झीज चालूच असू शकते. पुढचा झटका आला की आधीइतकी भरपाई होईलच असे नाही.

प्रार्थना आणि औषध यांत ख्रिस्तसभेने कधीही वैर मानलेले नाही. प्रार्थना करावी, आणि डॉक्टरांनी दिलेली औषधेही नियमित घ्यावीत.

निदान आणि औषधोपचार

निदानासाठी मेंदूविकारतज्ज्ञांची तपासणी, मेंदू व मज्जारज्जूचा एम.आर.आय. आणि आवश्यकतेनुसार पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी केली जाते. क्षयरोग, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांसारख्या विकारांची लक्षणेही कधी कधी अशीच दिसतात. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार तर एम.एस.शी फारच मिळताजुळता असतो, मात्र एम.एस.ची काही औषधे त्या आजारात अपाय करतात. म्हणून निदानाची घाई नको आणि टाळाटाळही नको.

उपचारांचे तीन भाग आहेत. पहिला भाग झटक्याच्या वेळचा. तीव्र झटक्यात बहुधा तीन ते पाच दिवस शिरेतून स्टिरॉईड देतात. त्यामुळे सूज लवकर उतरते.

दुसरा भाग पुढचे झटके कमी करणाऱ्या औषधांचा. १९९३मध्ये इंटरफेरॉन बीटा या इंजेक्शनाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि नव्या पर्वाला सुरुवात झाली. त्यानंतर गोळ्यांच्या रूपातील औषधे आली. २०१७मध्ये मान्यता मिळालेले ओक्रेलिझुमॅब हे प्रारंभापासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारावरील पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले. ही औषधे महाग असल्याने आपल्या देशात अनेक तज्ज्ञ रिटुक्सिमॅब या तुलनेने स्वस्त औषधाचा वापर करतात. अशी औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोग आणि ब प्रकारची कावीळ यांची तपासणी आवश्यक असते. ही औषधे झालेली हानी भरून काढत नाहीत. ती पुढची हानी कमी करतात. यासाठीच ती लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते.

स्टेम सेलच्या नावाने संपूर्ण बरे करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून मात्र सावध राहावे. मोजक्या रुग्णांवर मोठ्या केंद्रांत केले जाणारे रक्तपेशी-प्रत्यारोपण ही वेगळी गोष्ट आहे. शेत वा दागिने विकून अशा हमीमागे धावण्यापूर्वी आपल्या तज्ज्ञांना अवश्य विचारावे.

तिसरा भाग पुनर्वसनाचा. फिजिओथेरपीने तोल आणि ताकद टिकते, ताठरलेले स्नायू सैल होतात. दिवसातील कामे वाटून घेणे व मध्ये विश्रांती घेणे यांमुळे थकवा आटोक्यात राहतो. लघवीच्या तक्रारींवरही उपचार आहेत. लाजेपोटी त्या लपवू नयेत. नैराश्य या आजारात वारंवार आढळते. त्याला श्रद्धेचा अभाव न समजता त्यावरही उपचार घ्यावेत.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. शरीराचे तापमान वाढले की एम.एस.ची लक्षणे तात्पुरती बळावतात. सांगलीचा एप्रिल-मेचा उन्हाळा या रुग्णांना म्हणूनच कठीण जातो. त्यामुळे नवी हानी होत नाही, तथापि त्या दिवसांत पाय खरोखरच उचलत नाहीत. तो आळस नव्हे.

संघटित आधार आणि कायदा

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था श्रीमती रेहमत फझलभॉय यांच्या पुढाकाराने १९८५मध्ये मुंबईत स्थापन झाली. मुंबई आणि पुण्यासह अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. समुपदेशन, व्यायाम आणि रुग्णांच्या परस्पर भेटी यांद्वारे ती आधार देते. ‘असे मलाच का होते?’ या प्रश्नाने एकट्या पडलेल्या तरुणीला तोच अनुभव घेतलेली दुसरी स्त्री भेटणे, हेही एक औषधच आहे.

मिरजेला वैद्यकीय सेवेची थोर परंपरा आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये येथे मिशन रुग्णालय उभारले आणि १९६२मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही रुग्णांच्या संघटित आधारासाठी सांगलीकरांना बहुधा सव्वादोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या पुण्याकडेच पाहावे लागते. ही उणीव शेजाऱ्यांनी आणि धर्मग्रामाने काही अंशी भरून काढता येईल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात केला आहे. शासकीय रुग्णालयातून प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळू शकते. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असल्यास शासकीय आणि अनुदानित संस्थांतील उच्च शिक्षणात किमान ५ टक्के आरक्षणाचा लाभ घेता येतो. शासकीय सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर त्या कारणास्तव कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही.

आपला धर्मग्राम काय करू शकतो?

नेदरलँड्समधील स्किडाम येथील संत लिदविना (१३८०-१४३३) ही वयाच्या पंधराव्या वर्षी बर्फावर पडली आणि पुढे आयुष्यभर आजारी राहिली. तिच्या लक्षणांच्या जुन्या नोंदींवरून तिला एम.एस. असावा, असे काही अभ्यासक मानतात. दीर्घकाळ आजारी असलेल्यांची आश्रयदाती म्हणून ख्रिस्तसभा तिचा गौरव करते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२मध्ये जागतिक रुग्ण दिनाची स्थापना केली आणि ११ फेब्रुवारी १९९३ रोजी तो प्रथम साजरा झाला. परंतु रुग्णाची आठवण वर्षातून एकदाच होऊन कशी चालेल?

मंदिराच्या पायऱ्यांलगत उतार व कठडा करता येईल. उन्हाळ्यात सकाळच्या मिस्सेला पंख्याखालची जागा राखून ठेवता येईल. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून एकदा दुचाकीवरून नेणारा युवक, पुण्याच्या प्रवासात सोबत करणारी शेजारीण, एका संध्याकाळचा स्वयंपाक आणून देणारी सखी, दमलेल्या आईवडिलांना दोन तास मोकळे करणारे कुटुंब, ही सारी कामे लहान ख्रिस्ती समूह आपसांत वाटून घेऊ शकतात. रुग्णाभ्यंग साक्रामेंत केवळ मृत्युशय्येवरील माणसासाठी आहे, हा गैरसमजही दूर व्हावा. गंभीर आजाराशी झुंजणाऱ्यांसाठीच ते कृपेचे साधन आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे आपले बोलणे. ‘दिसतेस तर चांगली!’ हे वाक्य कौतुकाने म्हटले तरी त्यात अविश्वास दडलेला असतो. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने घरचे लोक आजार लपवतात, आणि लपवण्यासाठी औषधेही थांबतात. एम.एस. असलेल्या अनेक स्त्रिया विवाहित जीवन जगतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने नियोजन करून सुदृढ बालकांना जन्म देतात. लपवाछपवीची गरज भासू नये, असे वातावरण निर्माण करणे हे समाजाचे काम आहे.

संत मार्कच्या शुभवर्तमानात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवरून येशूकडे आणतात. गर्दीमुळे दार अडले, तेव्हा ते छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. येशूने त्या चौघांचाही विश्वास पाहिला. आपल्या विश्रामबागेत, सांगली-मिरजेत आणि गावोगावी अशा रुग्णांची खाट धरणारे चार हात पुढे यावेत, आणि त्यांना प्रभूने बळ द्यावे, हीच आमची प्रार्थना.