महजरांतील निशाणी आणि मतपत्रावरील खूण

वतनाच्या तंट्यांत गोतसभेनें केलेले महजर आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत. त्यांवर पाटलाचा नांगर किंवा इतर साक्षीदारांच्या निशाण्या नसतील, तर संग्राहक त्या कागदाकडे संशयानें पाहतो; कारण साक्ष कोणाची हें कळल्यावांचून तिला वजन नसे. आजच्या मतपत्राचा नियम याच्या नेमका उलट आहे.

पैठण तालुक्यांतील चितेगावचें उदाहरण घेऊं. तेथील नोंदलेला पदवीधर विधान परिषदेसाठीं मराठवाड्याच्या पदवीधर मतदारसंघांत मत देतो. असें मतदान १ डिसेंबर २०२० रोजीं झालें होतें. १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणें त्यानें उमेदवाराच्या नांवापुढें १ हा आंकडा लिहावा. तो देवनागरी, रोमन वा आंतरराष्ट्रीय कसाही चालतो. पण ‘एक’ असें अक्षरांनीं लिहिल्यास चालत नाहीं. १ कोठेंच नसणें, तो दोघांपुढें असणें, किंवा त्याच नांवापुढें दुसराही आंकडा असणें, यांनींही मत बाद होतें. आणि मतदार ओळखूं येईल अशी खूण असल्यास त्याचा हेतु कितीही स्पष्ट असला तरी तें मत मोजीत नाहींत. महजरास जी निशाणी प्राण देते तीच मतपत्राचा घात करते! ओळखूं येणारें मत विकतां येतें आणि धाकानें घेतांही येतें, हें त्याचें कारण.

मतदाराचा दोष नसतां मत बाद व्हावें काय, हा प्रश्न अधिक बिकट. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत होशंगाबाद येथें तो उद्भवला. हा प्रांत त्या वेळीं नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशांत होता. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व मतदार कोरें मतपत्र तींत टाकी. दोन केंद्रांवर लोकसभेच्या हिरव्या पट्ट्याच्या मतपत्रांऐवजीं विधानसभेचीं तपकिरी पट्ट्याचीं वांटलीं गेलीं. सय्यद अहमद इसहाक यांस ६५,३७५ व हरि विष्णु कामत यांस ६५,२०१ मतें मिळालीं. पैकीं तपकिरी पट्ट्याचीं अनुक्रमें ३०१ व ६२. तीं वजा केल्यास कामत ६५ मतांनीं पुढें जात. सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं तीं मतें अग्राह्य मानून निवडणूक रद्द ठरविली. मतदारांस हा न्याय कठोर खराच. तथापि नियत खुणेचा कागद हाच निकष एकदां धरल्यावर चूक कोणाची हें पाहण्यास जागा राहत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

संग्राहकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, मोजलेलीं व बाद झालेलीं मतपत्रें मुदत सरल्यावर नष्ट करण्यांत येतात. महजरांप्रमाणें तीं दप्तरांत सांपडावयाचीं नाहींत. अशा वादांचा माग निकालपत्रांतच काढावा लागेल.